कापून होईपर्यंत

"म्हणजे आणतोयस ना तिला घरी?" कुंपणापलीकडून शेजारच्या काकूंनी विचारलं, आणि त्याच्या तोंडून "हं" असं निघून गेलं.

तो होकार नव्हता आणि नकारही नव्हता. दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत जबडा उघडा ठेवून बसलेल्या माणसाला काहीही विचारलं तरी तो घशातून काढतो, तसला आवाज होता तो. हा आवाज त्याच्या चांगला ओळखीचा होता. दातांच्या कवळ्या बनवायचा त्याचा धंदा होता आणि माप द्यायला आलेली माणसं दिवसभर त्याच्याशी याच भाषेत बोलत. पण काकूंना ही भाषा कळत नव्हती. त्यांनी ते हो म्हणूनच घेतलं. शालीतून दोन्ही हात बाहेर काढून त्यांनी कुंपणाची कड घट्ट धरली. "मला मशीनचा आवाज आला आणि म्हटलं, झालं! या दिवसांत या घरचं गवत उगाच नाही कापलं जात. तुझे बाबा नाही का, तू होस्टेलवरून सुट्टीला यायचास तेव्हा कापायचे? एरवी पानगळ सुरू झाली की मशीनला हात लावतील तर शपथ. मी लगेच फोन लावला तिला. म्हटलं, बाई, मुलगा गवत कापतोय तुझा, बॅग भरायला घे. रडलीच रे ती. मग मीही रडले. आता तू आधी चहा घे." त्या घराकडे वळल्या, चार पावलं जाऊन पुन्हा फिरल्या आणि म्हणाल्या, "मला माहीत होतं हं. लोक काहीही बोलतात. मी म्हणायचे, तो तसला नाही."

काकू आत गेल्या आणि तो मशीनची दोरी हातात धरून तसाच उभा राहिला. हाक मारावी असं त्याला वाटलं. काकू, थांबा, तसं नाहीये, एवढंच तर म्हणायचं होतं. पण 'तसं नाहीये' म्हटलं की लगेच 'मग कसं आहे' हे आलंच, आणि ते सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. म्हणजे दलाल काल फोनवर म्हणाला ते सांगावं लागलं असतं, की दुपारी एक जोडपं घर बघायला येतंय, तेवढं गवत कापून घ्या, गवत वाढलेलं दिसलं की लोकांना वाटतं घरात कुणी मेलंय. त्यावर आपण हसलो, हेही सांगावं लागलं असतं. घर बाबांनी जाण्यापूर्वीच त्याच्या नावावर केलं होतं, त्यामुळे कुणाला विचारायचा प्रश्नच नव्हता. तरी त्याने ताईला विचारलं होतं. ताईने दुसऱ्या शहरातून, मागे कुकरच्या शिट्ट्या होत असताना, "तू बघ, तुला योग्य वाटेल ते कर," असं म्हणून हात झटकले होते. बायको म्हणाली होती, "आई तुझी आहे, मी कशाला मध्ये बोलू," आणि मग आपल्या तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये चौथं माणूस कुठे झोपेल याबद्दल पुष्कळ बोलली होती. तिचं काही चुकत नव्हतं. कुणाचंच काही चुकत नव्हतं. घरातल्या सगळ्यांना सगळं माहीत होतं, फक्त आईला नव्हतं.

त्याने दोरी ओढली. मशीन खोकलं आणि सुरू झालं. दांड्यावरची पट्टी हाताने दाबून धरली तरच ते चालायचं, जरा सोडली की गप्प. त्यामुळे निदान हातांना काम होतं. गवत ओलं होतं. वर्षाच्या या टोकाला सूर्य घराच्या मागूनच उगवल्यासारखा करायचा आणि मागेच मावळायचा, म्हणून पुढच्या अंगणातलं दव दुपारपर्यंत हलत नसे. असलं गवत कापलं जात नाही, आडवं होतं. मशीन पुढे गेलं की मागे पुन्हा हळूहळू उठून बसतं. थोडं पुढे गेलं की पात्यात लगदा अडकायचा, मग थांबायचं, मशीन तिरकं करायचं, काटकीने खरवडायचं, हिरव्या-काळ्या चिखलाचा वास नाकात भरून घ्यायचा आणि पुन्हा दोरी ओढायची. बाबा म्हणायचे, आता गवताला झोपू द्यावं. आत्ता कापलं की मुळं उघडी पडतात आणि थंडी सरळ आत शिरते. बाबा बस चालवायचे. घरी आल्यावरही त्यांचं बोलणं सूचनाफलकासारखंच असायचं, हे करू नये, ते करू नये. पण तो सुट्टीला यायचा त्या दिवशी हा माणूस आपलाच नियम मोडायचा. फाटक ढकललं की समोर ताज्या कापलेल्या गवताचे फिके-गडद पट्टे. आई पायरीवर, हात ओले. बाबा मशीनपाशी उगाच खुडबुडत. "कशाला कापलंत आत्ता?" असं विचारलं तर म्हणायचे, "टाकीत पेट्रोल उरलं होतं, संपवायचं होतं." दर वर्षी त्या टाकीत पेट्रोल उरायचं. आई तोंड फिरवून हसायची. त्या घरात एवढं प्रेम असं पेट्रोलच्या नावावर खपवलं जाई आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे. हे गवत आता आपण दलालाच्या सांगण्यावरून कापतोय, हा विचार डोक्यात आला आणि त्याने मशीन जास्त जोरात पुढे ढकललं.

खरं सांगायचं तर आईशी तो एकदाही खोटं बोलला नव्हता. याच गोष्टीचा त्याला फार आधार वाटत असे. न्हाणीघरात पाय घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, मग थोडे दिवस देखभालीसाठी म्हणून तिला वृद्धाश्रमात ठेवलं, हे सगळं अक्षरशः खरं होतं. थोडे दिवस म्हणजे किती हे तिने विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. रविवारी तो जायचा, खिडकीपाशी बसायचा, आणि ती म्हणायची, "जिना चढायला जमलं की झालं, नाही का?" तो म्हणायचा, "थंडी तर सरू दे." हेही काही खोटं नव्हतं, थंडी सरणारच होती. असं भिजत घोंगडं ठेवायची त्याला हळूहळू सवय झाली होती. एकदा तर ती म्हणाली, "माझ्यामुळे तुला फार ये-जा पडते रे," आणि त्याने मोठ्या मनाने "त्यात काय एवढं" असं म्हटलं. परतताना जिन्यात त्याला स्वतःची एवढी किळस आली की कठडा धरून क्षणभर उभं राहावं लागलं. तरी खाली येऊन गाडी सुरू केल्यावर ती किळस गेलीच. तीच तर खरी गोष्ट होती, ती जायची. आईला पहिल्यांदा तिथे सोडून तो निघाला त्या दिवशी तर रस्त्यात सिग्नलला थांबला असताना आपण शीळ घालतोय हे त्याच्या लक्षात आलं होतं. चांगली लांबलचक, सुरात. बाजूच्या गाडीतली बाई त्याच्याकडे बघून हसली, तेव्हा त्याचे ओठ मिटले. हे त्याने बायकोला सांगितलं नाही, कुणालाच नाही. माणूस आईला सोडून येताना रडला तर चारचौघांत सांगता येतं. शीळ घातली हे कुणाला सांगणार? वाईट होणं वेगळं आणि सुटल्यासारखं वाटणं वेगळं. त्याला सुटल्यासारखं वाटलं होतं.

खिशात फोन थरथरला. त्याने पट्टी सोडली. मशीन थांबलं आणि एकदम इतकं शांत झालं की पलीकडे काकूंच्या स्वयंपाकघरातली कपबशी ऐकू आली. फोन वृद्धाश्रमातल्या बाईंचा होता. बाई स्वभावाने कडक नव्हत्या, पण दिवसभर बहिऱ्या माणसांशी बोलून त्यांचा आवाज कायमचा चढला होता.

"अहो, तुम्ही आईंना घरी नेताय, मग आधी कळवायचं नाही का? बॅग भरून पुढच्या हॉलमध्ये येऊन बसल्यात. मी म्हटलं जेवून घ्या, तर म्हणतात घरी जेवीन."

"नाही, म्हणजे," तो म्हणाला, "तसं अजून..."

"किती वाजता येताय तेवढं सांगा. औषधं बांधून द्यायला हवीत."

मागून आईचा आवाज आला. "त्याला घाई करू नका हो. सावकाश येऊ दे. गवत ओलं असणार, वेळ लागतो."

सगळे शब्द लखलखीत. 'सावकाश'मधला स, 'असणार'मधला स, काठाला न घसरता नीट जागेवर पडलेला. आईची कवळी त्यानेच बनवलेली होती, वरचे पुढचे दात तिच्या जुन्या फोटोवरून मुद्दाम किंचित वाकडे लावून. आई ती घरात कधी वापरत नसे. डबीत ठेवायची आणि बाहेर जायचं असलं तरच घालायची. आश्रमात ती नेहमी बोळक्यानेच बोले. ती म्हणे, इथे कुणासाठी घालायची? आज तिने ती घातली होती.

"हॅलो? ऐकताय ना?" बाई म्हणाल्या.

आत्ता सांगता आलं असतं. बाईंना म्हणता आलं असतं, आईला द्या फोन. त्याऐवजी तो म्हणाला, "एवढं गवत कापून होऊ दे, मग फोन करतो." आणि बाई फोन बाजूला धरून तिकडे ओरडून म्हणाल्या, "गवत कापून झालं की येतायत!" तसं तो म्हणाला नव्हता. पण आता कोण कोणाला सांगत बसणार! आई काहीतरी म्हणाली आणि त्या हॉलमधल्या आणखी दोघी-तिघी हसल्या. तिने तिथे सगळ्यांना सांगितलेलं दिसत होतं.

त्याने पुन्हा दोरी ओढली. आता फार उरलं नव्हतं, भिंतीलगतचा पट्टा आणि फाटकापाशी थोडंसं. एरवी कधी एकदा संपतंय असं वाटायला लावणारं काम आज पाणी ओसरावं तसं भराभर सरत चाललं. त्याने चाल कमी केली. भिंतीलगतच्या पट्ट्यावर तो दोनदा गेला. काकू चहाचा कप कुंपणाच्या खांबावर ठेवून गेल्या, त्याने मान हलवली पण थांबला नाही. चहा तिथेच वाफ टाकत राहिला आणि मग वाफही बंद झाली. तो मनाशी वाक्यं जुळवत होता. आई, जरा ऐक. आई, डॉक्टर म्हणतात. (डॉक्टर काहीच म्हणत नव्हते, डॉक्टर म्हणाले होते की तब्येत छान आहे.) आई, तुझ्याच भल्यासाठी. हे वाक्य त्याने जुळवलं मात्र आणि त्याला स्वतःच्याच आवाजात दलाल ऐकू आला. मग वाटलं, आणावं का खरंच? आज, आत्ता जाऊन घेऊन यावं, दलालाला सांगावं, सॉरी, विकायचं नाही. यात अशक्य असं काय होतं? एक पलंग खाली आणायचा, एक बाई ठेवायची, आठवड्यातून चार वेळा आपण यायचं. त्याला वाटलं की हे जमेल. मशीनमागे चार पावलं टाकेपर्यंत त्याचा त्यावर अगदी विश्वास बसला, छाती मोकळी झाली, आईला गाडीतून उतरवतोय, ती पट्ट्यांकडे बघतेय, आपण म्हणतोय पेट्रोल उरलं होतं. पाचव्या पावलाला त्याला रात्रीचे फोन आठवले. पडले रे, झोप लागत नाही रे, कुणीतरी दार वाजवतंय रे. ते दिवस आठवले आणि छाती पुन्हा बंद झाली. आपल्याला ती घरी नको आहे. हे इतकं स्वच्छ त्याने स्वतःशी कधी म्हटलं नव्हतं. आपलं तिच्यावर प्रेम आहे आणि आपल्याला ती घरी नको आहे, आणि या दोन गोष्टी एकमेकींना धक्का न लावता आपल्यात शेजारी शेजारी राहतात. असं असू शकतं हे आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं. बाबांना हे झालं असतं का? बाबांना झालं असतं तरी त्यांनी ते सांगितलं नसतं.

गवत कापून झालं. तो फाटकापर्यंत आला, मागे वळून बघितलं, आणि एकही पातं उभं नव्हतं. पण हाताने पट्टी सोडली नाही. कापून झालं की येतो, असं ठरलं होतं ना, मग झालं नव्हतंच. त्याने मशीन वळवलं आणि पहिल्या पट्ट्यावरून पुन्हा निघाला. पात्याला काही लागत नव्हतं, मागच्या पेटीत काही पडत नव्हतं. नुसता आवाज. एखाद्याने बघितलं असतं तर म्हटलं असतं, किती मन लावून काम करतोय. जोवर हे चालू आहे तोवर आई त्या हॉलमध्ये मजेत बसली आहे, शेजारणींना सांगतेय, माझा मुलगा गवत कापतोय, आता येईलच. जोवर हे चालू आहे तोवर आपण खोटं बोललेलो नाही. पेट्रोल किती उरलंय हे त्याने बघितलं नाही. दुसऱ्या फेरीत कुंपणाजवळ आला तेव्हा त्याला काकू दिसल्या. त्या फोन हातात धरून, हात लांब करून, अगदी मशीनच्या दिशेने धरून उभ्या होत्या. चेहऱ्यावर लहान मुलीचा आनंद. त्याने काय म्हणून भुवया उंचावल्या तर त्या ओरडल्या, "तिला ऐकायचंय! म्हणते, आवाज ऐकव!"

त्याला हसू आलं की काय झालं कोण जाणे, ओठ तसे हलले खरे. मशीनच्या थरथरीने त्याचे हात कोपरापर्यंत बधिर झाले होते. आई ऐकतेय. या आवाजात तिला काय काय ऐकू येत असेल? त्याने मशीन ढकललं, वळवलं, परत आणलं. काकूंचा हात भरून आला तेव्हा त्यांनी तो दुसऱ्या हाताने आधार देऊन धरला. तो थांबत नव्हता म्हणून त्याही थांबत नव्हत्या. दोन मोठी माणसं कापलेल्या गवतावर एका म्हातारीला आवाज ऐकवत होती, आणि त्यातल्या एकालाच ठाऊक होतं की काय चाललंय. त्या क्षणी त्याला काकूंचा इतका राग आला की काय सांगावं. जसं काही सगळं त्यांनीच केलं होतं. एवढीशी चौकशी, एवढासा फोन, आणि घातली ना धोंड गळ्यात! मग तो रागही ओसरला, कारण त्याला कुठे उभं राहायला जागाच नव्हती.

फाटकापाशी गाडी येऊन थांबली. दलाल उतरला, मागून एक तरुण जोडपं. मुलीच्या गळ्यात पिवळा स्कार्फ होता आणि ती उतरल्या उतरल्या गवताकडे बघून काहीतरी चांगलं बोलली, ते मशीनच्या आवाजात कळलं नाही. दलालाने लांबूनच हसून, पंजा खाली-वर करून, बंद करा अशी खूण केली. तो एक पट्टा पुढे गेला. दलालाने पुन्हा खूण केली, या वेळी हसणं जरा कमी. आणि मग त्याची बोटं आपणहून सैल झाली, ठरवून नाही, थकून. पट्टी वर आली. मशीन गप्प झालं.

"या, या," दलाल मोकळ्या, भरदार आवाजात म्हणाला. घर दाखवताना तो असाच बोलायचा. "पुढचं अंगण बघा. ऊन येतं, मुलांना खेळायला मस्त. घर रिकामंच आहे, म्हाताऱ्या बाई होत्या एकट्या, त्यांची सोय दुसरीकडे झालीय. तुम्ही म्हणाल त्या दिवशी चावी."

काकूंचा हात अजून तसाच पुढे होता. त्यांनी दलालाकडे बघितलं, जोडप्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर राग आला असता तर बरं झालं असतं. त्या नुसत्या बघत राहिल्या, ओळखीचा माणूस गर्दीत हरवल्यासारख्या. फोनमधून बारीक आवाज येत होता. काकूंनी तो कानाला लावला नाही. कुंपणावरून त्याच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "घे. तूच बोल आता."

फोन काकूंच्या हाताने कोमट झाला होता.

"झालं का रे कापून?" आईने विचारलं.

"हो, आई."

"बंद झालं तेव्हाच म्हटलं झालं. किती छान ऐकू आलं. जसं काही इथेच." ती थांबली. "कोण आलंय रे? कुणी मोठ्याने बोलतंय."

दलाल जोडप्याला घेऊन पायऱ्यांपाशी पोचला होता. काकू जागच्या हलल्या नव्हत्या. त्याने तोंड उघडलं आणि घशातून तोच मघाचा आवाज वर येताना त्याला कळला. त्याने तो गिळला.

"घर बघायला आलेत, आई," तो म्हणाला. "विकतोय मी घर. गवत त्यांच्यासाठी कापलं. मी तुला न्यायला येत नव्हतो."

एवढंच होतं. इतके दिवस हे एवढंच बोलायचं होतं. त्याला वाटलं, आता ती रडेल, किंवा ओरडेल, किंवा फोन ठेवेल, आणि या तिन्हीसाठी तो तयार होता. तिकडून हॉलमधला आवाज येत होता, कुणाची तरी काठी, कुणाची तरी खुर्ची सरकली. एका म्हाताऱ्या बाईने विचारलं, "काय गं, निघाला का?" पिवळ्या स्कार्फवाली मुलगी पायरीवर उभी राहून हात कपाळाशी धरून अंगण बघत होती.

"बरं," आई शेवटी म्हणाली. "मग मी बूट काढू का रे? त्या बाईंकडून बांधून घेतलेत मी. मला वाकता येत नाही ना."

"काढ, आई," तो म्हणाला.